आरव्ही आणि तंबूच्या जागा: मिळत का नाहीत, आणि मिळाल्याच तर इतक्या महाग का?

दूरवाट

अमेरिकेत राहणाऱ्या आणि सुट्टीत तंबू किंवा आरव्ही (आत राहण्याची सोय असलेली गाडी किंवा ट्रेलर) घेऊन बाहेर पडणाऱ्या सभासदांचे अनुभव व मते समजून घ्यावीत, यासाठी हा धागा काढत आहे. आम्ही जॉर्जियात राहतो. मुले शाळेत असल्यामुळे आमचे फिरणे शनिवार-रविवार आणि शाळेच्या सुट्ट्यांमध्येच बसवावे लागते. २०२१ मध्ये आम्ही मध्यम आकाराचा एक ट्रेलर घेतला. त्याच वर्षी कारखान्यांतून ६ लाख २४० आरव्ही बाहेर पडल्या, आणि तो विक्रम होता. २०२३ मध्ये हा आकडा ३ लाख १३ हजार १७४ वर उतरला. मागणी इतकी ओसरल्यावर जागा मिळू लागतील अशी माझी अपेक्षा होती, परंतु आधी विकल्या गेलेल्या गाड्या काही नाहीशा झालेल्या नाहीत.

आज परिस्थिती अशी आहे की सरकारी कॅम्पग्राउंडमधील स्वस्त जागा सहा महिने आधी, बुकिंग उघडताच काही मिनिटांत संपतात, आणि खासगी पार्कमध्ये जागा असते तिथे दर हॉटेलच्या खोलीला येऊन भिडलेला असतो. माझे मत असे आहे की जागा अपुऱ्या आहेत हे खरे असले, तरी दोष त्याहून अधिक वाटपाच्या पद्धतीचा आहे. तुम्हांला काय वाटते? आणि ज्यांना शनिवार-रविवार सोडून निघताच येत नाही, अशा कुटुंबांनी काय करावे?

निळा पाऊस

वाटपाच्या पद्धतीबद्दल पूर्ण सहमत. कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानातल्या अप्पर पाइन्स या कॅम्पग्राउंडच्या जागा दर महिन्याच्या १५ तारखेला, पॅसिफिक वेळेनुसार सकाळी ७ वाजता, पाच महिन्यांनंतरच्या पूर्ण महिनाभरासाठी एकदम खुल्या होतात. सातला एक मिनिट असताना तक्ता राखाडी दिसतो, सात वाजता निळा होतो, आणि पान एकदा ताजे करेपर्यंत उन्हाळ्यातले सगळे शुक्रवार गेलेले असतात.

एक गोष्ट मात्र उपयोगी पडते. रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी बुकिंग संकेतस्थळावर जागा कार्टमध्ये टाकल्यावर पैसे भरायला १५ मिनिटे मिळतात, आणि घाईघाईने दोन-तीन जागा धरून ठेवणारे लोक नको असलेल्या जागा तशाच सोडून देतात. त्यामुळे सात वाजता निराश होऊन संगणक बंद न करता सव्वासातच्या सुमारास पुन्हा पाहावे. आम्हांला जागा मिळाली ती अशीच.

देवराई

दूरवाट, वाटपाचा दोष मान्य आहे. तरीही जागा मुळातच का वाढत नाहीत, हे समजून घेतल्याशिवाय चर्चा पुढे जाणार नाही, असे मला वाटते.

१९२० च्या दशकात मोटारी जंगलात शिरल्या तेव्हा लोक वाटेल तिथे गाडी उभी करून तंबू ठोकत असत. अमेरिकी कृषी खात्यातील वनस्पतिरोगतज्ज्ञ एमिलिओ माइनेके यांनी कॅलिफोर्नियातील जंगलांचा अभ्यास करून दाखवून दिले की चाकांखाली आणि पायांखाली दाबल्या गेलेल्या मातीत झाडांच्या मुळांना हवा-पाणी मिळत नाही आणि झाडे हळूहळू मरतात. यावर उपाय म्हणून त्यांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला जी रचना सुचवली, ती आजही आपण वापरतो. तिच्यात एकेरी वळसा घेणारा रस्ता असतो, त्याला तिरकी जोडलेली ठरावीक लांबीची थांबण्याची जागा असते, कडेला गाडी पुढे जाऊ नये म्हणून दगड किंवा लाकडी ओंडके असतात, आणि टेबल व चुलीची जागा कायमची ठरलेली असते. १९३३ ते १९४२ या काळात सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर या बेरोजगारांना काम देणाऱ्या सरकारी योजनेतल्या तरुणांनी याच पद्धतीने असंख्य कॅम्पग्राउंड बांधले.

म्हणजे ज्या वळशांवर आज पस्तीस फुटी ट्रेलर वळवण्याची धडपड चालते, ते त्या काळच्या मोटारी आणि तंबू डोळ्यांसमोर ठेवून आखलेले आहेत. ते रुंद करायचे तर माइनेके यांनी वाचवलेली झाडेच पाडावी लागतील. नवे कॅम्पग्राउंड बांधायचे तर पर्यावरण परीक्षण, पाणी, मैला वाहून नेण्याची व्यवस्था आणि पुढची अनेक वर्षे देखभालीचे मनुष्यबळ लागते. २०२० च्या ग्रेट अमेरिकन आउटडोअर्स कायद्याने पाच वर्षांसाठी वर्षाला कमाल १९० कोटी डॉलर दिले. ते रखडलेल्या दुरुस्त्यांसाठी होते, नव्या जागांसाठी नव्हे. शिवाय दुरुस्ती चालू असताना आहे ते कॅम्पग्राउंडही बंद राहते. दुसरीकडे राष्ट्रीय उद्यान सेवेच्या ठिकाणांना २०२४ मध्ये ३३ कोटी १९ लाख भेटी झाल्या, हाही विक्रमच आहे.

यलोस्टोनचे उदाहरण पाहा. एवढ्या विशाल उद्यानात वीज, पाणी आणि सांडपाणी या तिन्ही जोडण्या एकट्या फिशिंग ब्रिज आरव्ही पार्कमध्ये मिळतात. तेही ग्रिझली अस्वलांचे क्षेत्र असल्यामुळे कापडी भिंतींच्या ट्रेलरना आणि तंबूंना तिथे परवानगी नाही. अशा ठिकाणी जागा दुप्पट करा असे म्हणणे सोपे आहे. पण मला ते पटत नाही.

गवतफूल

देवराई, फार सुंदर माहिती. त्या ओंडक्यांचा अर्थ आज कळला.

मला खासगी पार्कांच्या दरांबद्दल बोलायचे आहे. गेल्या उन्हाळ्यात समुद्राजवळच्या एका पार्कमध्ये दोन रात्रींची जागा घेतली. जाहिरातीत दर रात्रीला ७९ डॉलर होता. बुकिंग करताना कळले की शुक्रवार आणि शनिवारचा दर वेगळा आहे. आवडलेली जागा नक्की करायची असेल तर ती ‘लॉक’ करण्याचे ३० डॉलर वेगळे, नाहीतर आदल्या दिवशी ते आपली जागा बदलू शकतात. त्यावर दर रात्रीचे सुविधा शुल्क, त्यावर निवास कर. दुसऱ्या गाडीचे पैसे फाटकावर घेतले. शेवटी रात्रीचा खर्च जाहिरातीतल्या दराच्या दीडपट झाला, आणि शेजारचा ट्रेलर इतका जवळ की आमचा छत्रीसारखा पडदा पूर्ण उघडता येईना.

दर मागणीप्रमाणे बदलतो, हे विमानाच्या तिकिटात आपण स्वीकारले आहे, हे मला ठाऊक आहे. तरीही एकूण रक्कम पहिल्याच पानावर सांगायला काय हरकत आहे? दर जास्त असण्यापेक्षा तो असा तुकड्यातुकड्याने कळण्याचा मला अधिक राग येतो.

रोहित्र

माझे काम वीजवितरणाशी संबंधित आहे, म्हणून खासगी पार्कच्या खर्चाची एक बाजू मांडतो.

आरव्हीला ३० अँपिअरची जोडणी लागते किंवा ५० अँपिअरची. ऐकताना वाटते की दुसरी पहिलीपेक्षा थोडीच मोठी असेल. प्रत्यक्षात ३० अँपिअरची जोडणी १२० व्होल्टची एकच असते, म्हणजे ३,६०० वॉट. ५० अँपिअरच्या जोडणीत १२० व्होल्टच्या दोन वाहिन्या असतात, म्हणजे १२,००० वॉट. तिपटीहून अधिक. दोन-दोन वातानुकूलन यंत्रे, विजेवरचे पाणी तापवणे आणि मायक्रोवेव्ह असलेल्या नव्या आरव्हींना हीच जोडणी हवी असते.

जुन्या पार्कमधल्या जमिनीखालच्या तारा एवढ्या भारासाठी टाकलेल्याच नाहीत. जुलैच्या दुपारी सगळ्यांचे एसी एकदम चालू झाले की ओळीच्या टोकाच्या खांबावर व्होल्टेज खाली येते. १०४ व्होल्टच्या खाली गेले की अनेकांनी बसवलेले संरक्षक उपकरण वीज तोडते, आणि ते नसेल तर एसीचा कंप्रेसर तापून बिघडतो. गवतफूल, तुमच्या त्या पार्कमध्ये संध्याकाळी दिवे मंद होत होते का? होत असतील तर कारण हेच. हे दुरुस्त करायचे तर मालकाला राष्ट्रीय विद्युत संहितेच्या ५५१ व्या कलमाप्रमाणे नवे पॅनेल, जाड तारा, चर खोदणे आणि बहुतेक वेळा नवे रोहित्र एवढे सगळे करावे लागते. सांडपाण्याची परवानगी हे त्याहून मोठे प्रकरण आहे, कारण गावाची वाहिनी नसेल तर सेप्टिकची क्षमता किती, यावरच किती जागांना मंजुरी मिळणार हे ठरते.

तात्पर्य, ‘नुसते खडी टाकलेले मैदान तर आहे’ असे म्हणून दराचा हिशेब करणे बरोबर नाही.

गवतफूल

होय, दिवे मंद होत होते! कारण समजल्याबद्दल आभार. ‘लॉक’च्या तीस डॉलरचे समर्थन मात्र तारा करू शकणार नाहीत.

कारभारी

माझे मेहुणे टेनेसीत एक छोटे खासगी पार्क चालवतात, त्यामुळे इथे दुसरी बाजू मांडणे मला आवश्यक वाटते. लोक पार्क शनिवारी भरलेले पाहतात. मंगळवारी कोणी पाहत नाही, कारण मंगळवारी तिथे कोणी नसतेच. विम्याचा हप्ता, मालमत्ता कर, स्वच्छतागृहे धुणाऱ्या माणसाचा पगार हे मात्र सातही दिवस चालू असते. शनिवारच्या दरात रिकाम्या मंगळवारचाही वाटा असतो.

दुसरे असे की व्यवसायाचे स्वरूप बदलले आहे. १९६२ मध्ये मोंटानातील बिलिंग्ज येथे केओए (खासगी कॅम्पग्राउंडची साखळी) सुरू झाले, तेव्हा ते रस्त्याने जाणाऱ्यांना एका रात्रीची सोय म्हणून सुरू झाले. आज इक्विटी लाइफस्टाइल किंवा सन कम्युनिटीज यांसारख्या शेअर बाजारात नोंदलेल्या जमीन-मालमत्ता कंपन्यांकडे कितीतरी पार्क आहेत. मेहुण्यांनाही विकत घेण्याचे प्रस्ताव येतच असतात. जो मालक मोठी रक्कम मोजून आणि कर्ज काढून पार्क घेईल, त्याला पहिल्या दिवसापासून दर वाढवावाच लागेल. जुन्या मालकाची जमीन फिटलेली असते, म्हणून त्याला स्वस्तात देता येते. तो निवृत्त झाला की तो दरही त्याच्याबरोबर जातो.

कस्तुरी

कारभारी, एक विचारायचे होते. तुमच्या मेहुण्यांच्या पार्कमध्ये महिन्याच्या बोलीवर राहणारे किती असतात? आमच्या भागातल्या पार्कांमध्ये फलकावर शंभर जागा लिहिलेल्या असल्या, तरी प्रवाशांसाठी त्यातल्या थोड्याच उपलब्ध असतात.

कारभारी

साधारण तिसरा हिस्सा. फिरत्या करारावरच्या नर्सेस, पाइपलाइन आणि पवनचक्क्यांच्या कामावरचे मजूर, आणि घरभाडे परवडत नाही म्हणून ट्रेलरमध्येच राहणारी दोन-तीन कुटुंबे. त्यांच्याकडून रात्रीमागे मिळणारे पैसे कमी असतात. मात्र जानेवारीत पार्क चालते ते त्यांच्याच भरवशावर. प्रवाशांना जागा मिळावी म्हणून त्यांना काढून टाका, असे कोणी म्हणणार असेल तर मी विरोध करीन.

कस्तुरी

तसे माझे मुळीच म्हणणे नाही. मी स्वतः परिचारिका आहे, आणि माझ्या सहकारी अशाच राहतात. तरीही जागांच्या टंचाईचे हे एक खरे कारण आहे आणि त्याचे मूळ घरांच्या किमतीत आहे, हे नोंदवायला हवे. शिवाय ‘दहा वर्षांहून जुनी आरव्ही चालणार नाही’ असा नियम अनेक पार्कांत असतो, त्यामुळे ज्यांना स्वस्त निवाऱ्याची सर्वांत जास्त गरज आहे तेच बाहेर राहतात.

सांजवारा

आम्ही दोघे निवृत्तीनंतर उन्हाळ्यात एका सरकारी कॅम्पग्राउंडवर यजमान म्हणून स्वयंसेवा करतो. मोबदला म्हणून आम्हांला जोडण्यांसह एक जागा मिळते. दूरवाट यांचा वाटपाचा मुद्दा आम्ही रोज डोळ्यांनी पाहतो, म्हणून सविस्तर लिहिते.

शुक्रवारी दुपारी मी खांबांवर आरक्षणाच्या चिठ्ठ्या लावत जाते. संकेतस्थळावर कॅम्पग्राउंड पूर्ण भरलेले असते. रात्री दहाला फेरी मारताना चिठ्ठी लावलेल्या कितीतरी जागा तशाच काळोखात असतात. टेबल कोरडे, चुलीत राख नाही. त्याच संध्याकाळी फाटकावरून चार-पाच कुटुंबांना आम्ही परत पाठवलेले असते. लहान मुले मागच्या खिडकीतून बघत असतात, आणि त्यांच्या आईला मला सांगावे लागते की ती रिकामी दिसणारी जागा देण्याचा मला अधिकार नाही.

नियम असा आहे की न आलेल्या माणसाची जागा ठरलेल्या दिवसाच्या दुसऱ्या दिवशी, जागा सोडण्याच्या वेळेपर्यंत राखून ठेवायची. त्यानंतर त्याला २० डॉलर आणि पहिल्या रात्रीचे भाडे एवढाच भुर्दंड पडतो. वेळेत रद्द केले तर १० डॉलर. ज्या जागेचे भाडे पंचवीस-तीस डॉलर आहे, ती ‘जमले तर जाऊ’ म्हणून सहा महिने अडवून ठेवणे लोकांना परवडते. ज्यांचे बेत हवामान पाहून बदलतात ते तीन ठिकाणी तीन शनिवार धरून ठेवतात आणि दोन सोडून देतात, तेही शेवटच्या क्षणी. माझ्या मते सरकारी जागांचे दर कमी ठेवावेत, परंतु न येण्याची किंमत बरीच वाढवावी. कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये राज्य उद्यानांसाठी नेमका असाच कायदा केला. तिथे उशिरा रद्द करणाऱ्यांना पूर्ण परतावा मिळत नाही.

दूरवाट

सांजवारा ताई, तुमचा प्रतिसाद वाचून माझे मत अधिक पक्के झाले. फाटकावरून परत फिरणाऱ्यांत आम्हीही होतो, एका वेगळ्या ठिकाणी.

शुक्रतारा

न येणाऱ्यांवरच्या दंडाला माझा पाठिंबा आहे. पण मूळ प्रश्न त्याहून खोल आहे. मोंटाना विद्यापीठातील विल राइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. काही राष्ट्रीय उद्यानांच्या कॅम्पग्राउंडमध्ये आरक्षणाच्या जागा आणि ‘जो आधी येईल त्याची’ अशा जागा दोन्ही असतात. त्यांनी मोबाइलच्या स्थानाच्या माहितीवरून दोन्हींकडे येणारे लोक कुठल्या वस्त्यांतून येतात ते तपासले. आरक्षणाच्या जागांवर येणारे लोक सरासरीने अधिक उत्पन्नाच्या वस्त्यांतले निघाले.

सहा महिन्यांनंतरची रजा आज नक्की सांगता येणे, सकाळी दहा वाजता कामावरून संगणकासमोर बसता येणे, वेगवान इंटरनेट असणे, हे सगळे एका विशिष्ट वर्गाला सहज जमते. आपल्यापैकी बहुतेक जण त्या वर्गात मोडतो. ज्याच्या पाळ्यांचे वेळापत्रक आदल्या आठवड्यात लागते, त्या कामगाराने काय करावे? म्हणून माझे मत असे आहे की निम्म्या जागा पुन्हा आरक्षणाविना ठेवाव्यात.

कस्तुरी

शुक्रतारा, तुमची कळकळ समजते, पण उपाय मला पटत नाही. पाळ्यांत काम करणारी मी आहे. ‘जो आधी येईल त्याची’ याचा प्रत्यक्ष अर्थ असा होतो की जो गुरुवारी सकाळी येऊ शकतो त्याची. चार तास गाडी चालवून, मुलांना घेऊन शुक्रवारी रात्री नऊला पोहोचायचे आणि जागा नसेल तर अंधारात पुढे जायचे, हे मला परवडत नाही. ही पद्धत निवृत्तांना आणि घरून काम करणाऱ्यांना सोयीची आहे, रुग्णालयात काम करणाऱ्यांना नाही.

मला सोडत अधिक न्याय्य वाटते. त्याचबरोबर काही जागा सहा महिने आधी, काही दोन आठवडे आधी आणि काही चार दिवस आधी खुल्या कराव्यात. ज्याच्या आयुष्यात जेवढ्या आधी ठरवता येते, त्याने त्या खिडकीतून यावे. काही कॅम्पग्राउंडमध्ये दोन आठवड्यांची खिडकी आताही असते, आणि माझ्या बहुतेक सहली तिच्यामुळेच झाल्या.

शुक्रतारा

तुमचा शुक्रवारी रात्रीचा मुद्दा बिनतोड आहे. वेगवेगळ्या कालावधीच्या खिडक्या ही कल्पना मला माझ्या सूचनेपेक्षा चांगली वाटते.

पाणवठा

राज्य उद्यानांबद्दल कोणीच बोलले नाही. तिथे आता ‘आपले’ आणि ‘बाहेरचे’ असा भेद वाढत चालला आहे. फ्लोरिडात १ जानेवारी २०२४ पासून राज्यातल्या रहिवाशांना ११ महिने आधी जागा घेता येते, इतरांना १० महिने. आयडाहोने २०२१ च्या कायद्याने सर्वाधिक गर्दीच्या पाच उद्यानांत बाहेरच्यांचे दर दुपटीपर्यंत नेले. त्या राज्यांचे करदाते उद्याने चालवतात, त्यामुळे त्यांचा हक्क नाकारता येत नाही. परंतु प्रत्येक राज्याने हेच केले तर देशभर फिरण्यासाठी बनवलेल्या वाहनाचा उपयोग काय राहील?

माळरान

माझा सल्ला थोडा वेगळा आहे. जोडण्यांचा मोह सोडला की जागांची टंचाई बरीच कमी होते. संघीय सरकारच्या भूमी व्यवस्थापन विभागाकडे २४.५ कोटी एकर जमीन आहे आणि तिच्यातल्या बऱ्याच भागात विनामूल्य मुक्काम करता येतो. साधारणपणे २८ दिवसांच्या काळात १४ दिवसांपर्यंत. ॲरिझोनात क्वार्ट्झसाइटजवळच्या दीर्घ मुक्कामाच्या क्षेत्रात १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या पूर्ण हंगामाचा परवाना अनेक वर्षे १८० डॉलरला मिळत आला आहे. दोन सोलर पॅनेल, चांगली लिथियम बॅटरी आणि पाणी जपून वापरण्याची सवय एवढे पुरते. भांडी आधी कागदाने पुसून मग धुतली तर सांडपाण्याची टाकी जवळपास दुप्पट दिवस चालते.

देवराई

माळरान, पश्चिमेत हे शक्य आहे, पण धागाकर्ते जॉर्जियात आहेत. पूर्वेकडे भूमी व्यवस्थापन विभागाची मोकळी राने नाहीत. तिथे राष्ट्रीय वने आहेत, उदाहरणार्थ चॅटाहूची. तिथेही मोकळ्यावर राहता येते, पण वाहन कुठल्या रस्त्यावर नेता येते हे वनखात्याच्या वाहन-वापर नकाशावर आधी पाहावे लागते, आणि डोंगरातल्या अरुंद मातीच्या रस्त्यावर ट्रेलर उलटा वळवायला जागा नसते. २०२४ च्या सप्टेंबरात आलेल्या हेलीन वादळानंतर पश्चिम नॉर्थ कॅरोलिनात आणि ब्लू रिज पार्कवेवर जे नुकसान झाले, त्याचाही भार आसपासच्या जागांवर पडला.

दुसरी चिंता अशी की विनामूल्य जागांवर गर्दी वाढली की कचरा आणि मैलाही वाढतो, आणि मग वनखात्याला त्या जागा बंद कराव्या लागतात. ज्या जागेचे नेमके ठिकाण ॲपवर झळकते तिची अवस्था दोन हंगामांत काय होते, हे मी पाहिले आहे.

माळरान

मान्य. शौचकूपाची टाकी फक्त डम्प स्टेशनवरच रिकामी करायची, आणि आणलेला सगळा कचरा परत न्यायचा, एवढे न पाळणाऱ्यांनी मोकळ्यावर राहूच नये. अशा लोकांमुळेच उरलेल्या जागा हातच्या जात आहेत.

सांजवारा

दूरवाट, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर राहूनच गेले, शनिवार-रविवार सोडून न जमणाऱ्या कुटुंबाने काय करावे ते. तुमच्या भागात आर्मी कोअर ऑफ इंजिनीअर्सची (लष्कराच्या अभियांत्रिकी विभागाची) धरणे आहेत: अलाटूना, लॅनिअर, हार्टवेल. त्यांच्या काठी कोअरची स्वतःची कॅम्पग्राउंड आहेत, आणि बहुतेक ठिकाणी वीज-पाण्याची जोडणी असूनही दर खासगी पार्कच्या मानाने पुष्कळ कमी असतो. बुकिंग त्याच रिक्रिएशन डॉट गव्हवर होते. राष्ट्रीय उद्यानांच्या नावाचे वलय नसल्यामुळे लोक तिकडे वळत नाहीत.

तुमच्या घरात ६२ वर्षे पूर्ण झालेले कोणी आहे का? अमेरिकेचे नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक असलेल्या ज्येष्ठांना ८० डॉलरमध्ये आजन्म सीनियर पास मिळतो, आणि संघीय कॅम्पग्राउंडमध्ये बहुतेक ठिकाणी तो जागेचे भाडे निम्मे करतो. अट एवढीच की पासधारक स्वतः त्या मुक्कामात असला पाहिजे. काही ठिकाणी जोडण्यांचा अधिभार सवलतीत धरत नाहीत, तेवढे तपासून घ्या.

दूरवाट

आमच्या आई आमच्याबरोबरच राहतात, त्यांच्याकडे ग्रीनकार्ड आहे, आणि ट्रेलरमधून फिरायला त्यांना आमच्याइतकेच आवडते. त्यांना पास मिळू शकतो हे माझ्या ध्यानीमनीही नव्हते. अलाटूनाचा काठ आमच्यापासून तासाभरावर आहे. ऑक्टोबरमध्ये मुलांना शाळेची छोटी सुट्टी असते, ती धरून रविवार ते बुधवार अशा रात्री शोधतो. रिकामे मंगळवार कसे दिसतात हेही कळेल, कारभारी.

कारभारी

अवश्य जा. रविवारी दुपारी तीननंतर पोहोचलात तर डम्प स्टेशनवरची रांगही संपलेली असेल.

रोहित्र

बुक करण्यापूर्वी तीन गोष्टी पाहा. पहिली, कोअरची कितीतरी कॅम्पग्राउंड लेबर डे (सप्टेंबरचा पहिला सोमवार) नंतर किंवा सप्टेंबरअखेर बंद होतात, तेव्हा त्यांचा हंगाम तपासा. दुसरी, जागेच्या तपशिलात वाहनाची कमाल लांबी दिलेली असते. तिच्यात ट्रेलरच धरला आहे की ओढणारी गाडीही, हे फोन करून विचारा. तिसरी, पाण्याची पातळी. अलाटूना पूर रोखण्यासाठी शरद ऋतूत टप्प्याटप्प्याने उतरवतात; उन्हाळ्याच्या मानाने हिवाळ्यात पातळी बरीच खाली नेतात. ‘पाण्याकाठची’ म्हणून घेतलेल्या जागेपुढे ऑक्टोबरच्या उत्तरार्धात लाल चिखलाचा उतार असू शकतो. मुलांना पाण्यात उतरायचे असेल, तर सुट्टीतले आधीचे दिवस घ्या आणि उथळ खाडीच्या टोकाची जागा टाळा.